मनावरचे वळ आणि आपले कर्तव्य

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या न्यासाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. या काळात किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली, किती जणांना औषधपाण्याला हातभार लावला, किती घरांवर कौले चढवली, याचा हिशेब चिटणिसांनी अहवालात मांडलाच आहे. तो ऐकून आपणा सर्वांस समाधान वाटले असेल. आम्हांसही वाटले. परंतु आज चार शब्द बोलावयास आम्हांस उभे केले आहे, तेव्हा अहवालात ज्याला रकाना नाही अशा एका गोष्टीविषयी बोलावे असा आमचा विचार आहे.

पोटात अन्न नसले तर चेहऱ्यावर दिसते. अंगात ताप असला तर हात लावून कळतो. फी भरावयास पैसे नसले तर मूल शाळेतून परत येते व चार माणसांना समजते. अशा गरजूंचे अर्ज आपल्याकडे येतात आणि आपण यथाशक्ती मदत करतो. पण घरातल्या माणसाच्या बोलण्याने ज्याचे मन रोज थोडे थोडे खचत चालले आहे, त्याचा अर्ज या पन्नास वर्षांत आपल्याकडे एकदाही आलेला नाही. याचा अर्थ पेडणे व डिचोली तालुक्यांत तशी माणसे नाहीत असा कोणी काढू नये. अर्ज कोणत्या नमुन्यात करावयाचा हेच त्यांना ठाऊक नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मानसिक छळ हा शब्द ऐकला की आपल्याला वर्तमानपत्रातील एखादी भयंकर बातमी आठवते. आपल्या घरात तसे काही नाही असे म्हणून आपण पान उलटतो. तेव्हा प्रथम हा शब्द साध्या भाषेत समजून घेऊ. मूल चुकले म्हणून आई एकदा रागावली, याला छळ म्हणत नाहीत. रागावणे, समजावणे, मर्यादा घालणे हे घरात असतेच व असावेही. परंतु तेच मूल रोज उठून 'तू बिनकामाचा', 'तुझ्यापेक्षा शेजारचा बरा', 'तू जन्मलाच नसतास तर बरे झाले असते' असे ऐकत असेल. त्याच्या रडण्याची चारचौघांत नक्कल होत असेल. 'तुला कुठेतरी सोडून येईन' अशी धमकी त्याला घातली जात असेल. आठ-आठ दिवस त्याच्याशी कोणी शब्द बोलत नसेल. तर तो छळ होय. सुनेला मूल होत नाही म्हणून ओटीवर बसून टोमणे मारणे हा छळ होय. म्हाताऱ्या सासऱ्याला जेवणाचे ताट वेळेवर देऊन त्याच्याशी महिनोन्‌महिने एक वाक्यही न बोलणे, हाही छळच होय. यात कोठे हात उगारलेला नसतो. म्हणूनच 'मारले तर नाही ना, मग झाले काय?' असे आपण सहज म्हणून जातो. तलवारीची जखम भरते, शब्दाची भरत नाही, हे आपले वाडवडील सांगत आले. ते आपण ऐकले, पण स्वतःच्या जिभेला लावून पाहिले नाही.

दुसऱ्याचे दोष सांगण्यापूर्वी आमचा स्वतःचा सांगतो. आम्ही पेशाने शिक्षक. या दोन तालुक्यांतील गावांत पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. आरंभीच्या काळात आमच्या वर्गात एक मुलगा होता. स्वभावाने शांत, हाताने हुशार, पण गणितात कच्चा. एके दिवशी फळ्यावर भागाकार चुकला तेव्हा आम्ही त्याला सर्व वर्गासमक्ष 'दगड' म्हटले. वर्ग हसला. आम्हीही हसलो. पुढे आमची बदली झाली आणि ती गोष्ट आम्ही विसरून गेलो. वीस-बावीस वर्षांनी साखळीला एका लग्नात जेवणाच्या पंगतीपाशी एक चांगला उंचापुरा गृहस्थ पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, "मास्तर, ओळखलंत? मी तुमचा दगड."

त्याच्या मनात राग नव्हता. त्याने आपल्या धंद्याची, घराची हकीकत आनंदाने सांगितली. नावही सांगितले, आणि तेव्हा आम्हांस कळले की ते नाव आपण विसरलो होतो. त्याला दिलेले नाव तेवढे शिल्लक राहिले होते. बोलता बोलता त्याच्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातून सोलकढीचा पेला निसटला व बापाच्या कपड्यांवर सांडला. बापाच्या तोंडून एकच शब्द आला. तोच. मुलाने मान खाली घातली. बापाने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही दुसरीकडे पाहिले. त्या दिवशीचे जेवण आम्हांस गोड लागले नाही.

मंडळी, आम्ही त्या मुलाला एकदाही छडी लावली नव्हती. त्याचा आम्हांस अभिमान होता. पण आम्ही दिलेला शब्द त्याने वीस वर्षे जपून ठेवला आणि आपल्या मुलाच्या हाती दिला. छळ एका पिढीतून दुसरीत कसा जातो हे पुस्तकात वाचण्याआधी आम्ही तेथे पाहिले.

हे आमच्या एका वर्गापुरते असते तर आज सांगितले नसते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांच्या छळाविषयी मोठी पाहणी प्रसिद्ध केली. ती १३ राज्यांत झाली व त्यांत आपला गोवाही होता. १२,४४७ मुलांना प्रश्न विचारले गेले. दर दोन मुलांमागे एकाने आपला मानसिक छळ होतो असे सांगितले. आणि असा छळ करणाऱ्यांत शेकडा ८३ प्रसंगी आईवडीलच होते. हा आकडा ऐकून कोणाही आईबापाने दुखावून जाऊ नये. आईबाप मुलांचे वैरी नसतात. त्यांना जसे बोलले गेले तसेच ते बोलतात, आणि त्यालाच शिस्त समजतात. ज्याला दुसरे शब्द कधी शिकवलेच नाहीत त्याने ते आणावेत कोठून?

शिवाय दिवसही अवघड आले. डिचोली तालुक्याचेच पाहा. शिरगाव, मये, पाळी, वेळगे अशा गावांतल्या किती घरांचा संसार खाणीवर चालत होता ते येथे बसलेल्यांना सांगावयास नको. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. मध्यंतरी काही सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. पुढे काही ठिकाणी काम परत सुरू झाले, परंतु मधल्या वर्षांत ट्रक दारात उभा आणि बँकेचा हप्ता डोक्यावर, अशी कित्येक घरे आम्ही पाहिली. ज्या बापाला मुले रात्री फक्त झोपताना पाहात, तो दिवसभर घरात बसू लागला. त्याचा राग बँकेवर निघू शकत नव्हता, सरकारवर निघू शकत नव्हता. पाणी जसे उताराकडे धावते तसा राग घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाकडे धावतो. तो बायकोवर निघाला, बायकोचा मुलावर निघाला, आणि मुलाने वाड्यावरच्या कुत्र्याला दगड मारला.

पेडण्याची गोष्ट वेगळी वाटते, पण फार वेगळी नाही. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावर पर्यटन आले. मोपच्या विमानतळाचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले व पुढच्या महिन्यापासून विमाने उतरू लागली. त्याबरोबर नोकऱ्या आल्या, रात्रपाळ्या आल्या, जमिनीच्या व्यवहारांवरून भावाभावांत बोलाचाली आल्या. घरात पैसा आला तरी माणसे एकमेकांना भेटेनाशी झाली. आजी दूरच्या वाड्यावर राहिली, आईवडील कामावर, आणि मूल एका मोबाइलपाशी. पूर्वी बाप रागावला तर आजीच्या पदराआड जायला जागा होती. ती जागा आता पुष्कळ घरांत नाही.

यावर कोणी म्हणेल, कायदा आहे ना? आहे, आणि त्या बाबतीत गोव्याने मान ताठ ठेवावी असे काम केले आहे. २००३ साली आपल्या विधानसभेने गोवा बाल कायदा केला. मुलाच्या छळाची त्याची व्याख्या शारीरिक छळापुरती नाही. मुलाचा मानसिक व भावनिक छळ, आणि मनुष्य म्हणून त्याची जी किंमत व प्रतिष्ठा आहे ती कमी करणारी कोणतीही कृती वा कोणताही शब्द, हे सर्व त्या व्याख्येत येते. 'शब्द' हे कायद्यात लिहिलेले आहे, हे लक्षात घ्या. त्याच कायद्याने सर्व शाळांतून शारीरिक शिक्षेला बंदी केली. पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने स्त्रीला अपमानास्पद बोलणे, विशेषतः मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे, हाही हिंसाचार मानला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मानसिक त्रास देण्यास मनाई केली.

कायदे चांगले आहेत. पण कायदा हा वैद्यासारखा आहे. दुखणे झाल्यावर त्याच्याकडे जावयाचे. सात वर्षांचे मूल 'मला बाबा दगड म्हणतात' अशी तक्रार घेऊन न्यायालयात जात नाही, आणि जावे अशी आपली इच्छाही नाही. त्याला आपला बाप तुरुंगात नको असतो. त्याला बापाने नावाने हाक मारावी एवढेच हवे असते. ते काम घराने, शाळेने आणि आपल्यासारख्या संस्थांनी करावयाचे आहे. आमच्या मते त्याचे दोन भाग आहेत. पहिला शिक्षणाचा, दुसरा आधाराचा.

पहिल्या भागाला हल्ली सामाजिक व भावनिक शिक्षण असे म्हणतात. अमेरिकेत १९९४ साली याच कामासाठी तज्ज्ञांची एक संस्था निघाली व तिने या शिक्षणाचे पाच भाग सांगितले. आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे. त्याला आवर घालणे. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल ते समजणे. माणसांशी नाते राखणे. आणि विचार करून निर्णय घेणे. नाव नवे असले तरी आपल्याकडे हे अगदीच परके नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले व अनुताई वाघ यांनी ते काम पुढे कोसबाडला आयुष्यभर चालवले. भय दाखवल्यावाचून मूल शिकते हे त्या दोघींनी आदिवासी पाड्यांवर कृतीने दाखवले. साने गुरुजींची 'श्यामची आई' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली आहे. त्यातली आई कडक आहे, प्रसंगी शिक्षाही करते. पण मुलाला ती कधी तुच्छ लेखत नाही. कडकपणा आणि तुच्छता यांतला हा भेद ज्याला कळला त्याला या शिक्षणाचा अर्धा भाग कळला.

हे शिक्षण द्यावयास मोठी साधने लागत नाहीत. आपली भाषाच पाहा. रुसणे, हिरमुसणे, खट्टू होणे, खंत वाटणे, हुरहूर लागणे, संकोचणे, जळफळणे, धास्तावणे. मनाच्या अवस्थांना मराठीत किती शब्द आहेत! घरात आपण कोकणी बोलतो. तिच्यातही ते कमी नाहीत. परंतु मूल शाळेतून तोंड पाडून आले की आपण विचारतो, 'काय झाले?' आणि ते म्हणते, 'काही नाही.' संवाद संपला. ज्या मुलाला आपल्या दुःखाचे नाव सांगता येत नाही ते एकतर गप्प बसते किंवा वस्तू फेकते. त्याला नाव सांगता आले की निम्मा राग उतरतो. हे मोठ्यांनाही लागू आहे. 'तू मूर्ख आहेस' याऐवजी 'हप्त्याच्या काळजीने मी त्रासलो आहे, थोडा वेळ मला एकटे राहू दे' असे म्हणावयास बापाला शिकता आले, तर मुलाच्या मनावरचा एक वळ वाचतो. आणि चूक झालीच, तर मुलाची माफी मागावयास लाजू नये. माफी मागणारा बाप मुलाच्या नजरेतून उतरत नाही, असा आमचा अनुभव आहे.

येथे पालक विचारतील, याने गुण वाढतील काय? प्रश्न रास्त आहे. २०११ साली अशा २१३ शालेय उपक्रमांचा, म्हणजे २ लाख ७० हजारांवर विद्यार्थ्यांचा, एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत या मुलांची वागणूक सुधारली, मनावरचा ताण कमी झाला आणि अभ्यासातही ती इतरांच्या पुढे गेली असे दिसले. ज्याचे मन ठिकाणावर आहे त्यालाच भागाकार येतो, हे आम्हांस तेव्हा कळले असते तर फार बरे झाले असते.

दुसरी शंका आमच्या वयाची मंडळी घेतात. 'आम्ही मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, आणि माणूस झालो. हल्लीची मुले लाडावतील.' आम्ही त्यांना नम्रपणे एवढेच विचारतो, की जे माणूस झाले ते आज येथे बसून बोलत आहेत. जे झाले नाहीत त्यांना कोण विचारतो? दारूच्या नादी लागून गेलेला, शाळा अर्धवट सोडून निघून गेलेला, विहीर जवळ केलेली; त्यांची हकीकत सांगावयास कोणी सभेत उभे राहात नाही. आणि लाड म्हणजे काय? मागेल ते देणे हा लाड. मुलाचे ऐकून घेणे हा लाड नव्हे. ऐकून घेऊन 'नाही' म्हणता येते.

आता दुसरा भाग, आधाराचा. घरातले बोलणे सुधारावयास वेळ लागेल. तोवर त्या मुलाने, त्या सुनेने जावे कोठे? घराबाहेर एक तरी माणूस असे हवे की जे न हसता, न उपदेश करता ऐकेल. आपल्याला वाटते की यासाठी मोठे डॉक्टर हवेत, आणि ते पणजी-बांबोळीस असतात. गोव्यातच झालेल्या एका कामाने हा समज खोटा ठरवला आहे. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगथ' ही संस्था गोव्यात सुरू केली. उदासीनता व चिंता यांनी ग्रासलेल्या लोकांना, डॉक्टर नसलेली पण प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे मदत करू शकतील काय, हे त्यांनी १२ सरकारी व १२ खाजगी अशा २४ दवाखान्यांत तपासून पाहिले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखान्यांत जेथे असा साहाय्यक होता तेथे सहा महिन्यांत शंभरांपैकी सुमारे ६६ जण बरे झाले. जेथे नव्हता तेथे सुमारे ४२. पुढे गोव्यातीलच आरोग्य केंद्रांत उदासीन रुग्णांशी अशाच साहाय्यकांनी सहा ते आठ बैठकींत बोलण्याचा उपक्रम झाला. त्यात रुग्ण सुधारलेच, शिवाय स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी आढळली.

याच संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत केलेल्या प्रयोगाची हकीकत आम्हांस, शिक्षक म्हणून, विशेष विचार करावयास लावणारी वाटली. काही शाळांत मुलांना मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, अडचणीतल्या मुलाशी एकांतात बोलणे असा कार्यक्रम शिक्षकांवर सोपवला. काहींत त्यासाठी गावातीलच एक वेगळे माणूस नेमले. काहींत यांपैकी काहीच नव्हते. २०१८ साली निष्कर्ष आला. जेथे वेगळे माणूस होते तेथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांची उदासीनता कमी झाली, दांडगाई व मारामारी कमी झाली. जेथे तेच काम शिक्षकांवर टाकले होते तेथे काही फरक पडला नाही. शिक्षक वाईट असतात असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. ज्याच्या हातात गुण देण्याचा अधिकार आहे आणि ज्याच्या माथ्यावर दहा कामे आहेत, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही. ऐकणे हेच ज्याचे काम आहे असे माणूस लागते.

असे माणूस आपल्या गावरहाटीत अगदीच नवीन आहे काय? पौष महिन्याच्या रात्री वाड्यावाड्यांवरच्या मांडावर बायका धालो खेळावयास जमतात. सासुरवाशिणीला त्या दिवसांत घराबाहेर पडता येई, बरोबरीच्या बायकांत उभे राहून गाण्यातून मनातले बोलता येई. कोण रोडावली, कोण गप्प झाली, हे तेथे इतर बायकांच्या ध्यानात येई व दुसऱ्या दिवशी कोणी थोरली बाई सहज म्हणून त्या घरी जाऊन येई. ते औषध होते, फक्त त्याला तसे नाव नव्हते.

पण येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. गाव जसा आधार देतो तसा छळही करतो. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांनी कित्येकांची तोंडे बंद ठेवली आहेत. विहिरीवर सांगितलेली गोष्ट संध्याकाळी देवळाच्या पायरीवर पोचते. म्हणून जो ऐकेल त्याने ती गोष्ट आपल्या पोटात ठेवली पाहिजे. याला अपवाद एकच. ऐकलेल्या गोष्टीत मारहाण असेल, मुलावर लैंगिक अत्याचार असेल, जीव देण्याची भाषा असेल, तर ती गुप्त ठेवणे हे पाप आहे. मुलावरील अशा अत्याचाराची खबर देणे तर २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. त्यांना पैसे पडत नाहीत. आज घरी गेल्यावर ते क्रमांक देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, एवढी आमची विनंती आहे.

आता आपल्या न्यासाविषयी. उत्सवाच्या दिवशी कटू बोलू नये असा संकेत आहे, पण आपण सारे घरचेच आहोत. दरवर्षी जून महिन्यात आपण गरजू मुलांना वह्या, गणवेश देतो. कसे देतो? ध्वनिक्षेपकावरून मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव पुकारतो. 'अत्यंत गरीब परिस्थितीतील' असे म्हणतो. मूल व्यासपीठावर येते, देणगीदार हात पुढे करतात, छायाचित्र निघते, आणि ते वर्तमानपत्रात छापून येते. आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे ही नावे पुकारली आहेत. दोन वर्षांपूर्वी एक आठवीतील मुलगी नाव पुकारूनही वर आली नाही. ती मागच्या खांबाआड उभी होती. वह्या नको म्हणाली. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी त्या दिवशी सभामंडपात गाण्यासाठी आल्या होत्या. आम्ही तिला उपकाराची जाणीव नाही असे म्हणालो, आणि घरी गेल्यावर आम्हांस तो जेवणाच्या पंगतीतला पेला आठवला.

एका हाताने वह्या द्यावयाच्या आणि दुसऱ्या हाताने मान खाली घालावयास लावावयाची, हे दान पुरते होत नाही. म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्तांपुढे आम्ही चार सूचना ठेवतो. पहिली, यापुढे शालेय साहित्य शाळेमार्फत किंवा घरी पोचवावे. नाव पुकारणे व छायाचित्र बंद करावे. देणगीदारांची नावे खुशाल छापावीत, घेणाऱ्यांची नकोत. दुसरी, दोन्ही तालुक्यांतून प्रत्येकी निदान दोन समंजस माणसे, त्यांत एक तरी स्त्री, जाणकारांकडून प्रशिक्षण देऊन तयार करावीत. त्यांनी आठवड्यातून ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसावे व येईल त्याचे ऐकावे; आणि जे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे ते बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेकडे किंवा योग्य त्या अधिकाऱ्याकडे पोचवावे. तिसरी, वर्षातून दोनदा पालकांचा मेळावा घ्यावा. त्यात भाषणे कमी व बोलणे अधिक असावे. आणि त्याला बापांनी यावे, केवळ आयांना पाठवू नये. चौथी सूचना खर्चाची नाही. आपल्या सभांतून, घरांतून, वर्गांतून मुलाला त्याच्या नावाने हाक मारावयाची, दुसऱ्या कोणत्याही शब्दाने नाही, असा नियम आपण प्रत्येकाने स्वतःशी करावा.

यांपैकी किती सूचना मान्य होतील ते विश्वस्त ठरवतील. पैशाची अडचण आम्ही जाणतो. पण या कामात पैशापेक्षा वेळ अधिक लागतो, आणि निवृत्त माणसांची आपल्या समाजात वाण नाही. विश्वस्तांनी आज्ञा केली तर आठवड्यातले दोन दिवस आम्ही स्वतः देऊ. बोलण्याची सवय आम्हांस पस्तीस वर्षांची आहे. ऐकण्याची नव्याने लावून घ्यावी लागेल.

शेवटी त्या आमच्या विद्यार्थ्याविषयी. लग्नातल्या भेटीनंतर पुष्कळ दिवस आम्ही जाऊ की नको करीत होतो. अखेर एका रविवारी त्याच्या घरी गेलो व त्याच्या बायकोमुलांसमक्ष त्याची क्षमा मागितली. तो ओशाळला. "राहू द्या मास्तर, तेव्हा सगळेच तसे बोलत," असे म्हणाला आणि चहा ठेवावयास सांगितले. तो पुढे आपल्या मुलाला काय म्हणतो हे आम्हांस ठाऊक नाही. आम्ही विचारलेही नाही. पण निघताना त्याने मुलाला नावाने हाक मारून आम्हांला फाटकापर्यंत पोचवावयास पाठवले. मुलगा आमचा हात धरून चालला, आणि वाटेत त्याने आपणहून सांगितले की त्याला गणित आवडते.